मदत हवी आहे: कूपरेजवरच्या रोव्हर्स फायनलच्या फोटोचं साल ठरवायचंय

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या ट्रंकेत एक कृष्णधवल फोटो मिळाला. मागे पेन्सिलीने 'रोव्हर्स फायनल, कूपरेज' एवढंच, म्हणजे मुंबईच्या कूपरेज मैदानावरची रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेची फायनल; साल नाही. आजोबा परळच्या गिरणीत होते, फुटबॉलचे भारी शौकीन. आता विचारायला ते नाहीत.

फोटोत फिक्या जर्सीतला कप्तान कप घेऊन उभा आहे. त्याच्या संघातले निम्मे अनवाणी, घोट्यांना नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या. हरलेला संघ कडेला, सगळे बूट घातलेले. चेहरे इतके धूसर की गोरे की देशी, कळत नाही.

माझा हिशेब असा. १८९१ पासून हा कप वर्षानुवर्षं गोऱ्या पलटणींकडेच राहिला. १९२३ ला कोलकात्याचा मोहन बागान फायनलपर्यंत आला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना हरवलं. देशी संघाने कप जिंकला तो थेट १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सने, आणि १९३८ लाही त्यांनीच. कप घेतलेला अनवाणी संघ देशीच धरला, तर त्याआधीचा हा फोटो नाही. दुसरीकडे, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी उतरले, युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुतलं आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. तेव्हा फोटो साधारण या पंधरा वर्षांतला.

यात १९४० चे विजेते मोहमेडन स्पोर्टिंग आहेत, पण ते तिशीतच ओल्या मैदानावर बूट घालू लागले होते. १९४९ ला ईस्ट बंगाल. १९५० पासून सलग पाच वर्षं प्रशिक्षक रहीमसाहेबांचे हैदराबाद सिटी पोलीस. माझा कल बंगलोर मुस्लिम्सकडे आहे, पण नुसत्या कलावर फोटोखाली साल लिहायचं नाही.

तर विचारायचं असं:

हैदराबाद पोलिसांचे खेळाडू सुरुवातीला अनवाणी खेळायचे का? बंगलोर मुस्लिम्सची जर्सी कशी होती?

'लोकसत्ता' १९४८ चा, त्यामुळे त्याआधीसाठी 'नवाकाळ' चाळावा लागेल. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्या काळचे अंक बघायला मिळतात का? कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर परवानगीचं काय ते सांगा.

२०००-०१ नंतर स्पर्धाच बंद पडली. एकशे दहा वर्षांची मुंबईची स्पर्धा, आणि तिच्याबद्दल मराठीत वाचायला जवळपास काही सापडत नाही, याचं फार वाईट वाटतं. कुणाच्या घरी कूपरेजची जुनी तिकिटं, कात्रणं, फोटो असतील तर कृपया इथे टाका. जर्सी जुळवता आली तरी पुष्कळ आहे.