जुना डेस्कटॉप: दुरुस्त केलात की भंगारात दिलात? अनुभव सांगा

पडवीतला कोपरा
शिमग्याला घरी आलोय, देवगडच्या बाजूला. काल पालखी वाडीतून गेली आणि आज सकाळीच बाबांची हाक, "अरे त्या डब्याचं काय ते एकदा ठरव." डबा म्हणजे २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप. आईने जुन्या साडीचा झालर लावून शिवलेला अभ्रा अजून मॉनिटरवर आहे, रंग उडालाय पण आहे. बटण दाबलं की नुसते बीप आणि काळा पडदा. कॅबिनेट उघडून रॅम काढली तर सोनेरी पट्ट्या काळ्या पडलेल्या, खाऱ्या हवेची करामत. पुतणीच्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन हलकेच घासल्या, परत बसवली, दोन्ही बाजूंनी खट्ट वाजलं आणि झाला की सुरू! त्या खोडरबराच्या वासाने एकदम बारावीची सुट्टी आठवली. हाच कॉम्प्युटर रत्नागिरीहून एसटीने आणला होता, मॉनिटरचं खोकं माझ्या मांडीवर, सीपीयूचं बाबांच्या पायात, अख्ख्या गाडीला कुतूहल की काय नेतायत हे.
तर आय थ्री दुसऱ्या पिढीचा, एच ६१ मदरबोर्ड, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. विंडोज १० उघडायला घड्याळ लावून ७ मिनिटं. आत बागेचा सगळा हिशोब, कलमं, फवारण्या, पेट्या, कुणाकडे किती येणं. तालुक्याच्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणे जुन्यात पैसे घालू नका, ४० हजारात नवीन देतो. बाबा म्हणतात चालतोय तर कशाला. तुमच्याकडे काय झालं ते सांगा.

हातखंब्याची लेक
हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाका, ती वेगवान चिपवाली डिस्क. बाकी काही विचारू नका. भात लावलाय, नंतर लिहिते.

रोंबाट
तां कॉम्प्युटर र्‍हांव दे रे, आंबो काय म्हणता यंदा? मोहर कसो आसा तुमच्याकडे?

पडवीतला कोपरा
पयलो मोहर गळान गेलो, दुसऱ्याचो भरवसो. तू आधी कॉम्प्युटरचा सांग.

रोंबाट
माझो भंगारवाल्यान नेल्यान. दीडशे रुपये नि वर एक प्लास्टिकची बादली. बादली अजून आसा.

तवसाळ फेरी
आमचा डेस्कटॉप पालीने मारला. हसू नका. पावसाळ्यात ऊब असते म्हणून ती एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्याच्या जाळीतून आत शिरली, मुलाने बटण दाबलं, फट् आवाज, दिवे गेले आणि असा काही वास की दोन दिवस जेवण गेलं नाही. आम्हाला वाटलं सगळंच संपलं पण नुसती एसएमपीएस बदलली आणि चालू. मग मीच शहाणी, आता चालू झालाच आहे तर जरा वेगवान करूया म्हणून ४ अधिक ४ अशी ८ जीबी रॅम टाकून घेतली. स्क्रीनवर दाखवतंय वापरण्याजोगी ३.२ जीबी. दुकानात जाऊन भांडले की तुम्ही नकली रॅम दिलीत. तो बिचारा शांतपणे म्हणाला ताई, तुमचं विंडोज ३२ बिटवालं आहे, ते चारच्या पुढे मोजतच नाही. ६४ बिटवालं टाकून दिलं त्याने, वर चहा पाजला. तर धाग्याच्या मालकांनी रॅम घ्यायच्या आधी ते बघा.

वाशिष्ठीकाठ
चिपळूण. २२ जुलै २०२१. तळमजल्यावरचं दुकान, पाणी पहाटे घुसलं आणि मी आधी गल्ल्याकडे धावलो, सीपीयूकडे नाही. तीन दिवसांनी कॅबिनेट उघडलं तर आत नुसता गाळ, बोटाने काढला तरी निघेना, मदरबोर्ड दिसतच नव्हता. हार्डडिस्क धुवून वाळवून लावून बघू म्हटलं आणि तीच चूक केली, त्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं त्यातून पाणी आत गेलेलं असतं, वीज दिली की उरलंसुरलंही खरवडून निघतं. तशीच ओली पिशवीत घालून डेटा काढणाऱ्यांकडे द्यायला हवी होती. नऊ वर्षांची उधारी गेली. काही लोकांनी स्वतःहून येऊन दिली, काहींनी नाही. अपग्रेड वगैरे नंतर करा, आज रात्रीच तो पेट्यांचा हिशोब पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह माळ्यावर ठेवा.

हातखंब्याची लेक
🙏 वाचून अंगावर काटा आला. आमचे मामा चिपळूणचेच, त्यांची तर गाडी झाडात अडकली होती.

अक्षरजुळणी
माझं कुडाळात डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, जत्रेचे बोर्ड, दशावताराची पोस्टरं. माझ्याकडे एक मशीन अजून एक्सपीवर आहे, २०१४ च्या एप्रिलातच त्याचे अपडेट बंद झालेत, ठाऊक आहे. पण फॉन्टचं जे सॉफ्टवेअर घेतलंय त्याचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या जागेला) लागतो, नवीन बोर्डांना ते पोर्टच नसतं. म्हणून त्याला इंटरनेट अजिबात द्यायचं नाही, पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर तपासून मगच लावायचा, आणि दोन जुने बोर्ड सुटे आणून ठेवलेत. लोक हसतात पण गेल्या गणपतीत सगळी मंडळं माझ्याचकडे होती.
पडवीतला कोपरा, बाबांनी शेतकऱ्यांची नावं मराठीत कशात टाइप केलीत? युनिकोड नसेल, जुना फॉन्ट असेल तर फॉर्मॅट मारायच्या आधी फॉन्टच्या फायली काढून ठेवा. नाहीतर फाईल उघडेल पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. माझ्याकडे असे रडत आलेले कमी नाहीत.

पडवीतला कोपरा
बापरे. जुनाच फॉन्ट आहे! हे डोक्यातही आलं नव्हतं. धन्यवाद ताई.

खर्चिक
उलट बाजूही ऐका. माझा कोअर टू ड्युओ होता, मायेपोटी आधी ग्राफिक कार्ड, मग त्याला पुरेना म्हणून मोठी एसएमपीएस, मग पेटी छोटी पडली म्हणून कॅबिनेट. ११ हजार गेले आणि मे महिन्यातल्या पहिल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली ती फोनच्या वायरीतून मोडेममध्ये आणि तिथून बोर्डात. मेनस्विच बंद केला होता हो, फोनची वायर राहिली. आता त्या जोडीचा बोर्ड जुन्या बाजारातच मिळतो आणि तोही किती दिवस टिकेल देव जाणे. बोर्डवरचे कपॅसिटर, त्या छोट्या उभ्या नळकांड्या, डोक्यावर फुगलेले दिसले तर एक रुपयाही घालू नका, हे मी पैसे मोजून शिकलोय.

तवसाळ फेरी
कॅबिनेट छोटी पडली म्हणून कॅबिनेट 😂 घर छोटं पडलं असतं तर?

खर्चिक
बायको तेच म्हणाली.

कळशी
विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून मशीन बंद पडत नाही, पण बँकेची कामं करत असाल तर विचार करा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, दुसरी पिढी त्यात नाही. जुगाड करून बसवता येतं, मी आमच्या तिसऱ्या पिढीच्या आय फाइव्हवर बसवलंय, पण वर्षाचा मोठा अपडेट आपणहून येत नाही, दरवेळी हाताने घालावा लागतो. खर्चिकभाऊंच्या कोअर टू ड्युओवर तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होणार नाही, त्याला लागणाऱ्या सूचनाच त्या प्रोसेसरात नाहीत. विंडोज १० साठी नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, यंदाचा सीझन त्यात निघेल. नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट, ती फुकट मिळते. माझ्या सासऱ्यांना मिंट टाकून दिलं, दोन महिने त्यांना कळलंच नाही, प्रिंटर लावायला गेले तेव्हा कळलं आणि मग मला फोन आला 😅
एच ६१ वर साटा, म्हणजे डिस्क जोडायचं पोर्ट, ३ गिगाबिटचंच असतं, म्हणजे एसएसडी पूर्ण वेगाने पळणार नाही, निम्म्याने पळेल. तरी हार्डडिस्कच्या तुलनेत घोडा. महागातली एसएसडी घेऊ नका एवढंच.

रोंबाट
घोडो म्हटल्यार आठावला, आज बांगडो दोनशेक पाच देत होतो कोणतरी. पाच!

हातखंब्याची लेक
भात झाला, वरण झालं, मुलगा झोपला. तर आमच्याकडे एसएसडीने ६ वर्षांचं आयुष्य वाढवलं. पावसाळ्यात मात्र रोज अर्धा तास चालू ठेवायचा, काम असो नसो, आतली ओल सुकते. जून ते सप्टेंबर बंद ठेवलात की गणपतीला घरी आल्यावर बुरशीच बघायची. आणि तारीख दरवेळी मागे जात असेल तर बोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला, सीआर २०३२, घड्याळजीकडे मिळतो. आमच्याकडे तारीख चुकली म्हणून बँकेची साइट उघडत नव्हती आणि आम्ही इंटरनेटवाल्याला शिव्या देत होतो.

पडवीतला कोपरा
सहा दिवसांनी लिहितोय, माफ करा, घरात पाहुणे होते. आधी हिशोब आणि फॉन्ट दोन पेनड्राइव्हवर घेतले, एक माळ्यावर. कपॅसिटर टॉर्च मारून बघितले, सपाट आहेत. एसएसडी आणि जुन्या पण चालू ४ जीबीच्या दोन पट्ट्या, सगळं मिळून साडेचार हजार. जुनी डिस्क आतच ठेवली, फोटोंसाठी. विंडोज १० च ठेवलं, नाव नोंदवलं. सात मिनिटांचं आता पाऊण मिनिट.
बाबांना दाखवलं, हिशोबाची फाईल उघडून दिली. ते म्हणाले हिशोब वहीत आहे की. कपाटातून २०१२ पासूनच्या लाल वह्या काढून दाखवल्या, सगळ्या! मी म्हटलं मग कॉम्प्युटरात कशाला टाइप करत होतात? तर म्हणे, "तू शिकवलं होतंस ना, विसरू नये म्हणून." आणि मग हळूच, "पत्ते आहेत ना रे अजून त्यात?"

कळशी
आहेत, स्टार्टमध्ये सॉलिटेअर लिहा. नेट चालू असलं की मधेमधे जाहिराती येतात, खेळताना नेट बंद करायला सांगा.

अक्षरजुळणी
त्या वह्यांचे फोटो काढून ठेवा हो. वाळवी एसएसडीला लागत नाही, वह्यांना लागते.

रोंबाट
पेटी कितक्याक लावतलस तां सांग. दुसऱ्या मोहराची.