एक्सपान्शनच्या बीटात फीडबॅक दिला तर कोणी वाचतं का खरंच?

अर्धवट_हीलर:
एका ऑनलाइन गेमचा नवा भाग (एक्सपान्शन) येतोय, त्याच्या क्लोज्ड बीटाची, म्हणजे रिलीजआधी निवडक लोकांना खेळायला देतात त्या चाचणीची, की मिळून तीन आठवडे झाले आणि आता डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. गेमचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर इथे लगेच तुझा गेम भारी की माझा सुरू होतं.
तर मॅक्स लेव्हलला पोचलं की तीन घराण्यांपैकी एक निवडायचं, प्रत्येकाची पॉवर वेगळी, आणि नंतर बदलायचं म्हटलं तर दोन आठवडे चालणारी क्वेस्टची (गेममधल्या कामांची) माळ. मी हीलर, म्हणजे टीमला जिवंत ठेवणारा. रेडला (मोठ्या टीमची लढाई) एका घराण्याची पॉवर कामाची, डंजनला (छोट्या टीमची) दुसऱ्याची, म्हणजे कुठेही गेलो तरी मी अर्धाच (नाव आधीपासून हेच आहे, योगायोग).
आणि दुसरं, आमचा मुख्य हील आता जमिनीवर वर्तुळ टाकून होतो, जो आत उभा राहील त्यालाच मिळतो. दिसायला झकास. पण टँकने, म्हणजे पुढे राहून बॉसचा मार खाणाऱ्याने, आत उभं राहायला हवं ना! दुसऱ्या डंजनचा शेवटचा बॉस दर थोड्या वेळाने आख्खा खांबांच्या पलीकडे पळतो, त्याच्यामागे टँक पळतो, आणि माझं वर्तुळ तिकडे रिकाम्या जमिनीला हील करत बसतं.
तीन पानी फीडबॅक लिहून ठेवलाय. रिलीजला सहा आठवडे आहेत. टाकू का? की सगळं आधीच ठरलेलं असतं आणि आपण फक्त फुकट सर्व्हर टेस्ट करून देतो?

जुना_खोड:
दुसरंच खरं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं शॅडोलँड्स आठव. तुझी घराणी म्हणजे तिकडची कव्हेनंट, फक्त चारची तीन झाली. २०२० च्या बीटात लोक घसा फोडून सांगत होते की पॉवर कव्हेनंटला बांधू नका, मोकळं बदलू द्या. ऐकलं? नोव्हेंबर २०२० ला तसंच रिलीज झालं. मग ९.१.५ पॅचमध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२१ ला, ते बंधन काढलं. एक वर्ष! तोवर माझ्या गिल्डमधले (कायमच्या गटातले) निम्मे गेम सोडून गेले होते. तीन पानं लिहिण्यापेक्षा झोप काढ.

मॅप_उघडा_ठेव:
खोडबाबा उदाहरण बरोबर आहे पण त्यातून निघतं काय ते बघा ना. एवढी मोठी सिस्टिम, तिच्यावर स्टोरी, क्वेस्ट, बक्षिसं सगळं बांधलेलं, ती बीटात येते तोवर बाकीचा गेम तिच्यावर उभा असतो, ती शेवटच्या दोन महिन्यांत कोण उपटणार? ते भांडण अल्फातलं, बीटाच्याही आधीच्या चाचणीतलं. पण आकडे, कूलडाऊन (स्पेल परत टाकायला किती थांबायचं), वर्तुळ केवढं, बॉस किती वेळा पळतो हे शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत असतं. म्हणून घराण्यांवर अडीच पानं आणि हीलवर अर्धं पान असेल तर उलटं कर. घराण्यांबद्दल एवढंच माग की बदलायचा वेळ दोन आठवड्यांऐवजी दोन दिवस करा. तो बहुतेक एक आकडा आहे, मिळू शकतो.

जुना_खोड:
आणि फायनल फँटसी १४? २०१० चं पहिलं व्हर्जन? मेन्यू उघडायला पण सर्व्हरची वाट बघायची, बीटातले लोक बोंबलत होते तरी तसंच बाजारात आणलं. शेवटी २०१२ मध्ये सर्व्हर बंद करून २०१३ ला गेम परत नव्याने आणावा लागला.

मॅप_उघडा_ठेव:
ते एक्सपान्शन नव्हतं हो, आख्खा गेमच होता. आणि नव्याने आला तो चालला की! :)

डीपीएस_आहे_माफ_करा:
वर्तुळात उभं राहायचं असतं??? मला वाटलं जमिनीवर काही चमकलं की बाहेर पळायचं

अर्धवट_हीलर:
@डीपीएस_आहे_माफ_करा हसू नका कोणी, हाच तर प्रॉब्लेम आहे!! इतकी वर्षं सगळ्या गेमनी शिकवलं की जमिनीवरच्या चमकीतून पळा आणि आता माझा हील पण चमकतो, त्यात बॉसचा वाईट गोल केशरी आणि माझा पिवळा, गर्दीत फरक दिसतच नाही.

लॉग_वाचणारा:
हे वरचं वाक्य तुझ्या तीन पानांत आहे का? नसेल तर ते पहिलं टाक.
मी गेममध्ये नाही पण सॉफ्टवेअर टेस्टिंगच करतो रोज, त्यामुळे दोन शब्द. कुठला स्पेल किती वेळा टाकला, कोण कुठे मेलं, हे त्यांना सर्व्हरवरून दिसू शकतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे टँक बाहेर का गेला. तू हीलरच्या खुर्चीत होतास, ते तुलाच माहीत. तेव्हा ‘हीलर कचरा आहे’ लिहू नकोस आणि ‘वर्तुळ टँकला चिकटवा’ असं उत्तर पण सुचवत बसू नकोस, निदान सुरुवातीला तरी. बिल्ड नंबर (गेमची कुठली आवृत्ती), कुठला बॉस, किती वेळा ट्राय केलं, त्यात कितीदा काय झालं, आणि त्या क्षणी तू काय करायला बघत होतास. जमलं तर वीस सेकंदांची क्लिप. आणि एका पोस्टमध्ये एकच विषय, कारण डंजनवाला वेगळा असतो आणि क्लासवाला वेगळा, तीन पानं एकत्र दिलीस तर दोघांनाही वाटणार की हे दुसऱ्याचं काम.
अजून एक, बीटात तयार कॅरेक्टर मिळतं, त्याचं गियर (शस्त्रं, चिलखत) कधीकधी गरजेपेक्षा भारी असतं. कुठल्या गियरवर खेळलास ते लिही, नाहीतर तुझ्या आकड्यांना अर्थ नाही.

हळूहळू_लेव्हल:
मधेच विचारते, लेव्हलिंगबद्दल कोणी लिहितंय का? सगळे जुने खेळाडू, टेम्प्लेट कॅरेक्टर घेऊन थेट मॅक्स लेव्हलला. मी एकटी पहिल्या लेव्हलपासून खेळतेय आणि एका क्वेस्टला पार्टीत दोघं असलो की वस्तू एकालाच मिळते, दुसऱ्याने परत अकरा मिनिटं थांबायचं. हे कुणाला दिसलंच नाहीये कारण त्या रस्त्याने कोणी येतच नाही.

लॉग_वाचणारा:
@हळूहळू_लेव्हल हा सोन्यासारखा बग आहे, आजच टाका. स्टेप्ससकट.

अर्धवट_हीलर:
अपडेट. काल रात्री गिल्डमधल्या चौघांना धरून तोच बॉस १४ वेळा केला. ११ वेळा बॉस पळाल्यावर तीन सेकंदांत टँक वर्तुळाबाहेर, त्यातल्या सातात मेला. आमचा टँक म्हणतो मला वर्तुळ दिसलंच नाही, हे त्याच्या स्क्रीनवरून रेकॉर्ड केलंय. तीन पानांचा अर्धा परिच्छेद झाला, वाईट वाटलं जरा, घराण्यांवर काय काय सुंदर टोमणे मारले होते. ते ठेवलेत, खोडबाबांना पर्सनल मेसेज करतो.

जुना_खोड:
पाठव.

अर्धवट_हीलर:
पाठवले. नवीन बिल्ड रात्री येतंय, पॅच नोट्समध्ये त्या बॉसचं नाव आहे पण काय बदललं ते लिहिलेलं नाही. एक डीपीएस (बॉसला मारणारा) कमी आहे आम्हाला, @डीपीएस_आहे_माफ_करा येतोस का? पिवळ्यात उभं राहायचं. पिवळ्यात.