मदत हवी आहे: मुंबईच्या कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये भाचीला इंटर्नशिप करायची आहे, अर्ज कसा करावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. ती सांगलीत पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला आहे, तिसरं वर्ष सुरू आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीपासून इंग्रजी, आणि आता वाचायला तिला काही अडत नाही. लिहिते व्यवस्थित, बोलताना मात्र थांबते.

घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की पोरगी जिल्हा कोर्टात उभी राहणार. तिला मात्र कंपन्यांच्या कामात रस वाटतो. एस्सार स्टीलच्या दिवाळखोरीचा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल तिने सुट्टीत मुळातून वाचला. कर्ज देणाऱ्यांच्या समितीने पैशांची वाटणी ठरवायची, त्यात न्यायाधिकरणाने कितपत हात घालायचा, हे ती आम्हाला जेवताना समजावून सांगत होती. मला निम्मं कळलं, पण तिचा चेहरा बघून एवढं कळलं की हे वेड वरवरचं नाही.

आता अडचण. मुंबईतल्या मोठ्या फर्म्सना तिने ईमेल केले, वेबसाइटवरचे फॉर्म भरले. कुठूनही उत्तर नाही. नकारही नाही. कॉलेजात या वाटेने गेलेलं कोणी नाही, त्यामुळे चूक कुठे होतेय ते सांगणारंही नाही. एका जाहिरातीत पैसे भरा नि 'खात्रीची इंटर्नशिप' घ्या असं आहे, ते करावं का असं बहीण विचारतेय.

माझे प्रश्न: राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या बाहेरच्या मुलांचे अर्ज तिथे कोणी उघडून बघतं का? कोणत्या वर्षी अर्ज करावा? सीव्हीत काय असावं? एक महिना एका जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी वकिलांकडे केलाय, तेवढाच अनुभव. मूट कोर्ट (सरावाच्या खटल्याची स्पर्धा) एक, बक्षीस नाही. मार्क चांगले आहेत.

मी स्वतः तासगावला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्तलेखक आहे. सुट्टीत ती लहानपणापासून माझ्या टेबलाशी बसते, सातबारा, फेरफार वाचून मला नोंदी काढून देते. पण त्याचा मुंबईच्या काचेच्या ऑफिसात काय उपयोग, म्हणून सीव्हीत घातलेलं नाही. जाणकारांनी सांगावं ही विनंती.

परळ_पूर्व

कृष्णाकाठ काका, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लगेच लिहायला बसलो. ते सातबारा-फेरफारचं काम आधी सीव्हीत घाला. वर, ठळक.

मी मुंबईतल्या एका कॉर्पोरेट फर्मच्या रिअल इस्टेट आणि प्रोजेक्ट्स टीममध्ये असोसिएट आहे. आमच्याकडे महाराष्ट्रातल्या जमिनींचे टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासणीचे अहवाल, बनतात. भिवंडीत गोदाम, चाकणला कारखाना, सोलापूर-सांगली पट्ट्यात सौर प्रकल्प, कुठलाही सौदा घ्या, कागद सगळे मराठीतच येतात. सातबारा, आठ अ, जुने फेरफार, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), बिनशेतीचा आदेश. तीस वर्षांचा शोध घ्यायचा म्हणजे त्यातले बरेच कागद हस्तलिखित, आणि फार मागे गेलं की मोडी. दिल्ली-बंगळुरूहून आलेली अत्यंत हुशार मुलं या ढिगापुढे हतबल होतात. भाषांतर मागवायचं, ते चार दिवसांनी येणार, त्यात 'भोगवटादार वर्ग २' (विक्रीवर निर्बंध असलेली जमीन) चं काहीतरी भलतंच झालेलं असणार, आणि ते पुन्हा आम्हालाच मुळाशी ताडून बघायला लागणार.

कुळकायद्याच्या म्हणजे १९४८ च्या कायद्याच्या कलम ४३ ची नोंद सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात दिसली की त्या जमिनीच्या विक्रीवर निर्बंध आहेत, हे जिला सातबारा हातात घेताच दिसतं ती मुलगी पहिल्या दिवसापासून उपयोगाची आहे. कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी ६३-१अ खाली वाट आहे. ही दोन कलमं ती नीट वाचून आली तर टीममध्ये कोणाशीही बोलू शकेल.

आता बाकीचं. होय, अर्ज उघडले जातात, पण सगळे नाही. मोठ्या फर्म्सकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्लेसमेंट कमिट्या थेट याद्या पाठवतात. त्यातून उरलेल्या जागांसाठी बाकी सगळा देश. म्हणून फक्त सिरिल अमरचंद, शार्दूल अमरचंद, एझेडबी, खेतान, ट्रायलीगल एवढ्याच नावांवर थांबू नका. मुंबईत फोर्टच्या बाजूला जुन्या सॉलिसिटर फर्म्स आहेत. क्रॉफर्ड बेली १८३० ची, वाडिया घांदी १८८३ ची. मालमत्तेचं काम अशा फर्म्सकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. मध्यम आकाराच्या, वीस-पंचवीस वकिलांच्या फर्म्समध्ये तर इंटर्नला खरं काम मिळतं. मोठ्या ठिकाणी महिनाभर प्रूफ तपासत बसलेली मुलंही मी पाहिली आहेत.

एचआरच्या सर्वसाधारण पत्त्यावर एक ईमेल पाठवून थांबू नये. वेबसाइटवर टीमनुसार पार्टनरांची नावं असतात. रिअल इस्टेट किंवा प्रोजेक्ट्सच्या एका पार्टनरला, त्यांच्याच नावाने, वेगळा ईमेल. दहा जणांना एकत्र सीसी केलेला ईमेल आम्ही वाचत नाही, खरंच नाही. विषयाच्या ओळीत कोणता महिना, कोणतं वर्ष, कोणतं कॉलेज, हे आलं पाहिजे.

पैसे मागणारी जाहिरात: एक रुपयाही देऊ नका. कुठलीही नावाजलेली फर्म इंटर्नकडून पैसे घेत नाही.

मिरज_वकील

काका, परळ_पूर्व यांनी लिहिलंय ते पटलं. त्यात एक भर घालतो, कारण मुलं मुंबईच्या नादात हे विसरतात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत पाच वर्षांच्या कोर्ससाठी एकूण २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, तीन वर्षांच्या कोर्सला १२. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, म्हणून सगळीकडे महिन्याचेच स्लॉट असतात. आणि खालच्या कोर्टातल्या तसंच अपिलाच्या कोर्टातल्या वकिलांकडे प्रत्येकाने एकदा तरी काम केलेलं असावं लागतं. भाचीचं जिल्हा न्यायालय झालंय. अपिलाच्या बाजूसाठी आता मुंबईला जायचं कारण नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) सुरू आहे आणि सांगली त्यातच येते. घरून जाऊन-येऊन महिना होईल. मालमत्तेच्या अपिलांत निकालपत्रं वाचायची, टिपणं काढायची सवय लागेल, आणि ती फर्ममध्ये फार कामी येते.

दुसरं असं की ७० टक्के हजेरीचा नियम डोळ्यांसमोर ठेवून महिना निवडा. सत्र चालू असताना गेली आणि परीक्षेचा फॉर्म अडला असं होऊ नये.

माझं मत विचाराल तर तिने मुंबई बघावी, पण वकिली फक्त तिथेच आहे असं समजून जाऊ नये. आमच्या भागात जमिनीचे सौदे आता मोठे होत चाललेत, आणि इथे राहून फर्म्सना काम करून देणारे वकील हवेच आहेत.

माटुंगा_रोड

मी दोन वर्षांपूर्वी यातून गेले आहे, तेही मराठवाड्यातल्या कॉलेजातून, म्हणून लिहिते.

मुलाखत बहुतेक फोनवर किंवा व्हिडिओवर होते, फार लांबत नाही. सीव्हीत जे लिहिलंय त्यावरच विचारतात. मला करार कायद्यातलं इंडेम्निटी (नुकसान भरून देण्याचं वचन) आणि गॅरंटी (दुसऱ्याने फेडलं नाही तर आपण फेडण्याची हमी) यातला फरक विचारला होता. कलम १२४ आणि १२६, हे पाठ हवंच, पण पुढे लगेच विचारलं, 'बँक यातलं काय मागेल आणि का?' तिथे पाठांतर संपतं. कंपनीचे शेअर विकत घेणं आणि फक्त तिचा कारखाना विकत घेणं यात खरेदीदाराला काय फरक पडतो, हाही ठरलेला प्रश्न. शेअर घेतले की कंपनीची जुनी देणी तिच्यासोबतच येतात, हे भाचीला दोन उदाहरणांनी सांगता आलं पाहिजे.

वाचायला पैसे लागत नाहीत. शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपन्यांची मसुदा माहितीपत्रकं सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या, वेबसाइटवर असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईचा २७,८७० कोटींचा आयपीओ (लोकांना पहिल्यांदा शेअर विक्री) आला, त्याचं माहितीपत्रक उघडायला सांगा. सगळं नको. जोखमीचं प्रकरण आणि खटल्यांचं प्रकरण, एवढंच. वकिलांनी काय काय तपासलं असेल याचा अंदाज त्यातून येतो.

बोलताना थांबते म्हणालात, त्याची काळजी करू नका. विचार करून बोलणारी इंटर्न कोणाला नकोशी होत नाही. 'मला हे माहीत नाही, संध्याकाळपर्यंत बघून सांगते' हे वाक्य इंग्रजीत सहज म्हणता आलं पाहिजे, तेवढा सराव घरी करून घ्या.

राहण्याचं आधी ठरवा. काम कधी कधी रात्री उशिरापर्यंत चालतं, त्यामुळे डोंबिवलीला आत्याकडे राहून लोअर परळ करणं अवघड जातं. दादर-परळच्या आसपास महिनाभरासाठी मुलींच्या वसतिगृहात जागा शोधा, आणि उशीर झाल्यावर कॅब मिळते का, मानधन किती, हे निवड झाल्यावर एचआरला सरळ विचारा. विचारण्यात गैर काही नाही. मी विचारलं नव्हतं म्हणून माझं काही बिघडलं असं नाही, पण महिनाभर उगाच धास्ती राहिली.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला धागा वाचायला दिला. ती कालपासून जुने फेरफार काढून बसली आहे.

दोन शंका उरल्या. एक, माझ्याकडे बसून केलेल्या कामाचं प्रमाणपत्र नाही, ते इंटर्नशिप म्हणून दाखवायचं का? दोन, ती नमुना म्हणून काहीतरी लिहून जोडायचं म्हणते. माझ्याकडच्या एखाद्या दस्ताच्या आधारे लिहिलं तर चालेल का?

तिने ईमेल नव्याने लिहिलाय. इंग्रजीतच जाईल, आशय इथे देतो: 'मी सांगलीत पाच वर्षांच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला आपल्या रिअल इस्टेट टीममध्ये एक महिना काम करायचं आहे. महाराष्ट्राचे महसुली अभिलेख मी मूळ मराठीतून वाचू शकते. सातबारा, फेरफार आणि इंडेक्स टू वरून मालकीचा क्रम लावणं आणि हस्तांतरणावरचे निर्बंध शोधणं हे काम मी सुट्ट्यांत करत आले आहे. जिल्हा न्यायालयात एका वाटपाच्या दाव्यात कागदपत्रांची कालानुक्रमे यादी तयार केली. सोबत सीव्ही, गुणपत्रक आणि दोन पानी टिपण.'

परळ_पूर्व

काका, ईमेल उत्तम आहे. यात एकही फुगवलेलं विशेषण नाही, तसाच राहू द्या. फक्त 'आपल्या टीममध्येच का' याचं एक वाक्य घाला. त्या पार्टनरने केलेल्या एखाद्या जाहीर व्यवहाराचा किंवा लेखाचा उल्लेख, पण खरोखर वाचला असेल तरच.

तुमच्याकडचं काम इंटर्नशिप म्हणून दाखवू नका. 'इतर अनुभव' असा भाग करून तिथे लिहा: दस्तलेखकाच्या कार्यालयात सुट्टीत मदत, आणि नेमकं काय केलं ते. प्रमाणपत्र लागत नाही. मुलाखतीत कोणीतरी सातबारा समोर ठेवेल आणि तेवढंच पुरेसं होईल.

नमुन्यासाठी तुमच्या पक्षकारांचा दस्त मात्र अजिबात वापरू नका, नावं खोडूनही नाही. तो लोकांचा खाजगी व्यवहार आहे. फर्ममध्ये रुजू होताना पहिल्या दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात, आणि अर्जातच कोणाचे तरी कागद जोडणारी मुलगी तिथे नापास होते. त्याऐवजी काल्पनिक गट नंबरच्या जमिनी घ्याव्यात. एका कंपनीला सौर प्रकल्पासाठी जमीन हवी आहे, एका तुकड्यावर कलम ४३ ची नोंद आहे, दुसऱ्यावर बँकेचा बोजा, तिसऱ्यात वारसांची नोंद व्हायची राहिली आहे. कंपनीने काय करावं, कोणती परवानगी कोणाकडून, सौद्यापूर्वी काय आणि नंतर काय, यावर दोन पानं.

किंवा तुमच्या धंद्याच्या जवळचा विषय हवा असेल तर मुद्रांक. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी ठरवलं की करारावर मुद्रांक नसला किंवा कमी असला तरी त्यातलं लवादाचं (वाद कोर्टाबाहेर पंचाकडून सोडवण्याचं) कलम रद्दबातल होत नाही, तो दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पाच न्यायाधीशांनी उलट म्हटलं होतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३३ आणि ३४ सोबत तिने हे मांडलं, आणि दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते, दंड कुठे भरतात हे तुमच्या टेबलावरून पाहिलेलं लिहिलं, तर ते टिपण आमच्याकडचे पार्टनरसुद्धा वाचतील.

महिना निवडताना मे, जून आणि डिसेंबर टाळता आले तर बघा, तेव्हा सगळा देश अर्ज करतो. सत्र संपून परीक्षेपर्यंतचा काळ रिकामा असेल तर तो सांगा. अर्ज निदान सहा महिने आधी. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण, नंतर पुढच्या फर्मकडे. टिपण झालं की मला इथे निरोप करा, पाठवण्याआधी एकदा नजर घालतो.