टीव्हीवरच्या मैफलीत खरं गाणं किती असतं?

अमळनेरचा_बाप
राम राम मंडळी. माझी मुलगी नववीत आहे, चार वर्षांपासून गाणं शिकते. परवा टीव्हीवर गाण्यांचा कार्यक्रम बघता बघता मधूनच उठून गेली. म्हणाली, "पप्पा, वरच्या सा ला माझा आवाज कापतो. ही माझ्याच वयाची, नाचत नाचत गाते आणि एक सूर हलत नाही." तेव्हापासून मोबाईलवरचा तानपुरा बंद आहे. माझा धंदा कापसाचा, सुरातलं मला कळत नाही. पण नाचताना माणसाला धाप लागते, एवढं कळतं. तर या कार्यक्रमांत खरं किती आणि आधी भरून ठेवलेलं किती? पोरीला खोटं समाधान द्यायचं नाही, म्हणून विचारतो.

मिक्सरवाला_जळगाव
दादा, २१ वर्षं साऊंडचं काम करतोय, लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून शास्त्रीय बैठकीपर्यंत. जे हाताने केलंय तेच सांगतो.

चित्रीकरण आधी होणाऱ्या कार्यक्रमात गळा बहुतेक वेळा त्या मुलांचाच असतो. पण प्रत्येक माईक वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतो आणि घरी पोचेपर्यंत त्यावर हात फिरवता येतो. एका गावच्या अल्बमसाठी मी स्वतः हे केलंय. गायकाचा धैवत, म्हणजे 'ध' हा सूर, जरासा उतरला होता. स्क्रीनवर सूर एखाद्या लांबट डागासारखा दिसतो. माउसने धरला, वर सरकवला, रेघेवर बसवला. कंपसुद्धा सपाट करता येतो. गडी खूश झाला. मला मात्र त्या जागी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघून गेलेली आणि पायरी आलेली ऐकू येत होती, अजून येते.

मोठ्या मैदानावरचे सोहळे थेट दाखवतात, पण थेट दाखवणं आणि तिथल्या तिथे वाजवणं या दोन वेगळ्या गोष्टी. २०१४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडचा गायक खरा गात होता, पण गिटारला वायरच जोडलेली नव्हती. खेळाच्या मध्यंतरात काही मिनिटांत स्टेज उभं करायचं असतं, तेवढ्यात सगळ्या वाद्यांना माईक लावणं धोक्याचं. २००९ च्या जानेवारीत ओबामांच्या शपथविधीला इत्झाक पर्लमन, यो-यो मा असे वादक बसले होते. लोकांनी ऐकलं ते दोन दिवस आधीचं रेकॉर्डिंग, कारण कडाक्याच्या थंडीत वाद्यं सुरात राहत नाहीत.

यात मला लबाडी दिसत नाही. डिसेंबरात तापीकाठच्या एका यात्रेत आमचा कार्यक्रम होता. साडेदहाला दव पडायला लागलं. तबल्याची पुडी ओलावली, हातोडीने चढवून चढवून तबलजी थकले. थंडीने बासरी उतरली. पेटी तेवढी जागेवर होती. शेवटी गाणाऱ्या बाईंनी तीन गाणी बासरीशिवाय म्हटली.

चीड येते ती २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची. उद्घाटनाला नऊ वर्षांची लिन मियाओके गाताना दिसली, आवाज होता सात वर्षांच्या यांग पेयीचा. दिसायला ही बरी म्हणून गाणारीला मागे ठेवलं. लेकराशी असं वागायचं?

पोरीला एक खूण सांगा. हातातला माईक तोंडापासून लांब गेला की आवाज पडायलाच हवा. पडला नाही तर तो आवाज दुसरीकडून येतोय. गालाला चिकटलेल्या माईकला ही खूण चालत नाही.

बँडवाला_धुळे
खरं शे भाऊ. आमच्याकडेही आता कीबोर्डात ताल भरलेला असतो, ढोल आणि क्लॅरिनेट माणसंच वाजवतात. एकदा एका वरातीत वेळ वाचवायला सगळा ट्रॅकच लावला. नवरदेवाची मावशी नाचायला उतरली आणि गाणं संपलं. हाताने वाजवत असतो तर अंतरा आणखी चार वेळा फिरवला असता, मावशींचे पाय थांबेपर्यंत. त्यानंतर ट्रॅक लावला नाही.

गायनशिक्षिका_भुसावळ
भाऊ, तिला एकदा बैठकीत समोर बसवा. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तिथे न्या. मोठे कलाकारसुद्धा मध्येच थांबून तानपुरा पुन्हा लावून घेतात, घसा खाकरतात, एखादा सूर निसटला की पुन्हा त्याच्याकडे जातात. हे तिच्या डोळ्यांसमोर घडू द्या. आणि वरच्या सा ची घाई करू नका. सकाळी खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, बसवा, मग मध्य सप्तकात सा लांब धरू द्या. या वयात आवाजावर जोर दिला की बसतो.

अमळनेरचा_बाप
सगळ्यांचे आभार. मिक्सरवाल्या भाऊंचं सगळं तिला वाचून दाखवलं. यांग पेयीचं ऐकून बराच वेळ गप्प बसली. काल तोच कार्यक्रम लागला तर स्वतःच शेजारी येऊन बसली आणि मध्येच माझा हात दाबला. "पप्पा, माईक खांद्यापाशी गेला बघा, आवाज तसाच!"

आज पहाटे साडेपाचला आतल्या खोलीतून तानपुरा ऐकू आला. खर्जातच बसली होती. मॅडम, जानेवारीच्या तारखा कळल्या की इथे टाका, आम्ही दोघं येतो.