शब्दचर्चा : ‘दोष काढणे’ आणि ‘कुसळ काढणे’ यांतले ‘काढणे’ एकच का?

प्रश्न

सर्वांना सप्रेम सलाम. मी पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीची सभासद असून दर रविवारी मुलांचा शास्त्रपाठ घेते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाचे पहिले वचन आपल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, ‘तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका’ असे आहे. इंग्रजी शाळेतली मुले मात्र ते ‘न्याय करू नका’ असे सांगतात. यांतले बरोबर कोणते, हे मला त्यांना नीट सांगता आले नाही.

विचारण्यामागे आणखी एक कारण आहे. गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या प्रीतिभोजनाच्या हिशोबात ६४० रुपये कमी भरले, तेव्हा मी सगळ्या बायकांच्या देखत खजिनदार बाईंना ‘पैसे जातात कुठे, ते एकदा आम्हालाही कळू द्या’ असे म्हणाले. चार दिवसांनी भाड्याने आणलेल्या पातेल्यांची पावती माझ्याच शास्त्राच्या कव्हरात घडी घातलेली सापडली. मी फोन केला, तर त्या ‘जाऊ द्या हो ताई, सापडली ना’ एवढेच म्हणाल्या. तेव्हापासून मनाला जी टोचणी लागली आहे, ती दोषाची म्हणावी, अपराधाची की पापाची? हिशोब विचारणे हेच दोष काढणे होते का? आणि याला काही प्रायश्चित्त असते का?

प्रतिसाद १

ताई, आधी हिशोबाचे पाहू. मूळ ग्रीक क्रियापद ‘क्रीनो’ आहे आणि वेगळे करणे हा त्याचा जुना अर्थ आहे. आपला ‘निवाडा’ही ‘निवडणे’ या क्रियापदाच्याच घरातला, म्हणजे सुपात तांदूळ घेऊन खडा बाजूला काढणाऱ्या हाताचा शब्द आहे. योहानाच्या सातव्या अध्यायात येशू ‘तोंड पाहून न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा’ असे म्हणतो, आणि तिथेही क्रियापद हेच आहे. मराठी भाषांतरकारांनी एका जागी ‘न्याय करा’ आणि दुसऱ्या जागी ‘दोष काढू नका’ असे लिहिले. माझ्या मते हा मोठा विवेक आहे, कारण त्यामुळे पहिले वचन ‘काहीच बोलू नका’ या सोयीच्या अर्थाने वापरता येत नाही. पैसे कमी भरले असता वही मागणे हे निवडणे झाले. आपले वाक्य मात्र वहीबद्दल नव्हते, त्या बाईंबद्दल होते.

आता ‘काढणे’. खुसपट काढणे, उणीदुणी काढणे, लाज काढणे, बाप काढणे अशा प्रयोगांत जे काढले जाते ते चारचौघांपुढे मांडले जाते, पण ज्याचे काढले त्याची त्यातून सुटका होत नाही. उलट ते त्याला कायमचे चिकटते. पायातला काटा काढणे किंवा डोळ्यातले कुसळ काढणे यात वस्तू खरोखर निघते आणि माणसाला बरे वाटते. त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात आपले मुसळ आधी काढून टाकण्याची आज्ञा आहे, आणि मग भावाच्या डोळ्यांतले कुसळ काढून टाकण्यास स्पष्ट दिसेल असे म्हटले आहे. म्हणजे त्याचे कुसळ तसेच राहू द्या, असे तिथे म्हटलेलेच नाही! ग्रीकमध्ये या दोन ठिकाणी वेगवेगळी क्रियापदे आहेत. मराठीत हा फरक एकाच ‘काढणे’तून ऐकू येतो, आणि मुलांना तो जरूर ऐकवावा. (‘मुसळ’च्या जागी असलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घराची तुळई असा आहे, मराठीने कुसळाशी यमक जुळणारे मुसळ घेतले.)

पावसाळा सरल्यावर वेताळ टेकडीवर फिरून आलेल्या कोणालाही कुसळ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ते मोज्यात सहज शिरते, पण उलटे ओढले की अडते, कारण त्याच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात. माझ्या लहानपणी डोळ्यात काही गेले की आई पदराचे टोक गुंडाळून त्यावर फुंकर मारी आणि तो ऊबदार बोळा पापणीला लावी. मग वरची पापणी दोन बोटांनी उचलून, स्वतःचा श्वास रोखून, त्याच पदराच्या कोपऱ्याने कण टिपून घेई. त्या वेळी ती एक शब्दही बोलत नसे.

प्रतिसाद २

दोष म्हणजे उणीव. दृष्टिदोषाबद्दल कोणी शिक्षा करत नाही. अपराध माणसाचा होतो आणि पाप देवापुढचे असते. आपल्या बाबतीत अपराध हा शब्द मला योग्य वाटतो, कारण एक विशिष्ट व्यक्ती दुखावली गेली. मात्र ‘जाऊ द्या’ हे दोन शब्द हलके समजू नका. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाने पापाऐवजी ऋण हा शब्द घातला आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ ऋण सोडणाऱ्याची रक्कम बुडते. म्हणूनच सावकार तारण मागतो, आणि सोने तारण कर्जाच्या पाटीवरचा हा शब्दच आपण उद्धारासाठीही वापरतो. फरक एवढाच, की इफिसकरांस पत्रात हे तारण कृपेने झालेले, देवाचे दान म्हटले आहे. खजिनदार बाईंनी चारचौघांत झालेला अपमान सोडून दिला आणि आपल्याकडून काहीही तारण ठेवून घेतले नाही.

प्रतिसाद ३

प्रायश्चित्त या शब्दाला पुण्यात इतिहास आहे. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उभे राहिले, त्यात रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही होते, आणि रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. तिथे प्रायश्चित्त म्हणजे समाजात परत येण्यासाठी भरायची किंमत होती. योहानाच्या पहिल्या पत्रात मात्र ‘तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे’ असे वचन आहे, म्हणजे कृतीचे नाव तिथे एका व्यक्तीला, येशूला, दिले आहे. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय लुबाडलेले चौपट परत देण्याचे बोलतो, ते येशू त्याच्या घरी उतरल्यानंतर. ताई, आपणही त्या बायकांसमोर जरूर बोला, पण ती भरपाई समजू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. येत्या रविवारी उपासनेनंतर त्याच बायकांसमोर पावती वहीला टाचून बोलणार आहे. ‘माझी चूक झाली’ असे म्हणण्याचे ठरवले होते. पण चूक पावती ठेवण्यात झाली होती. आता ‘मी तुमचे दोष काढले’ असेच त्यांचे नाव घेऊन म्हणेन.