प्रतिसाद: पोरांचा आळस की विहिरीचं पाणी?

वर एका काकांनी लिहिलंय की नव्या पोरांना शेतीचा कंटाळा, म्हणून इंदूरच्या आसपासची गावं बसली. मला नाही पटत.

आमची जमीन सांवेरकडे. काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. आजोबांच्या वेळी पावसाळ्यात ती पडीकच असायची; त्या चिखलात औत कोण घालणार? मुरलेल्या ओलीवर थंडीत गहू, हरभरा. मग १९७०-८० च्या दशकांत सोयाबीन आलं आणि ते रिकामे चार महिने भरले. शंभरेक दिवसांत रोख पैसा! कौलं गेली, स्लॅब पडले, दाराशी ट्रॅक्टर. १९८७ मध्ये तर सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच इंदूरला निघालं.

पण पैसा आला की रब्बीलाही भरपूर पाणी हवं, म्हणून बोअरिंग. एकाचं पाहून दुसऱ्याचं, आणखी खोल. आमच्या विहिरीच्या कठड्यावर दोरानं पडलेल्या खाचा अजून आहेत, बोट बरोबर बसतं त्यांत. खाली मात्र पाणी नाही, पारवे घुमतात. 'पग-पग रोटी, डग-डग नीर' म्हणवणाऱ्या माळव्यात २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी पंपानं चढवून क्षिप्रेत सोडावं लागलं, यातच आलं सगळं.

उरलंसुरलं कॉलनीवाल्यांनी नेलं. बाबांनी विकलेल्या दोन बिघ्यांवर आज गेट, कारंजं आणि (हसू नका) 'हरियाली' अशी पाटी आहे. चुलतभाऊ पीथमपूरला कारखान्यात जातो, पहाटे साडेपाचची बस धरून. आळशी तो नाही, काका.