मदत हवी आहे : जळगावात शिकणाऱ्या मुलीच्या राहण्याबद्दल

नमस्कार. आम्ही धडगावचे. माझी मुलगी यंदा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम.एस्सी.ला आहे आणि जळगाव शहरातील एका खाजगी वसतिगृहात राहते. अमळनेर, धरणगावच्या मुली शनिवारी सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने घरी जातात. तिला मात्र नंदुरबारला उतरून पुढे सातपुड्याचा घाट चढावा लागतो, त्यामुळे एका सुट्टीत येणे-जाणे जमत नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, खोलीवर मैत्रिणींना येऊ देत नाहीत, आणि ती दिवसभर कोणाशी बोललेली नसते, हे तिच्या आवाजावरून मला लगेच कळते. अभ्यासाची मला काळजी नाही, या एकटेपणाची आहे.

आता ती तीन मैत्रिणींसह पिंप्राळा भागात, म्हणजे विद्यापीठाजवळच्या बांभोरी गावाच्या वाटेवर, भाड्याने घर घेऊ म्हणते. स्वयंपाक मिळून करतील, रविवारी मेहरूण तलावावर फिरायला जातील. मला हे मनापासून पटते, तिच्या वडिलांना मात्र सुरक्षिततेची धास्ती वाटते.

ज्यांच्या मुली अशा राहिल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे : भाडेकरार कोणाच्या नावाने करावा, अनामत किती द्यावी लागते, आणि संध्याकाळी उशिरा विद्यापीठातून परतताना मुली कशा येतात?